शे, नई शे

चोपड्याच्या बस स्टँडमागे रतिलालभाऊंचं केळी भरण्याचं ऑफिस होतं आणि त्या ऑफिसचा अख्खा कारभार एका प्रश्नावर चालायचा. सकाळचा चहा पोटात गेला की रतिलालभाऊ फोन पुढ्यात ओढायचे आणि आसपासच्या गावांतल्या बागाइतदारांना एकामागून एक तोच सवाल टाकायचे, "माल शे का?" पलीकडून "शे" आलं की ट्रक त्या बागेकडे निघायचा. "नई शे" आलं की भाऊ फोन ठेवून द्यायचे आणि त्या माणसाला पुढचा आठवडाभर पुन्हा विचारायचे नाहीत. तब्येतपाणी, लेकीबाळींची ख्यालीखुशाली हे सगळं त्यांच्या मते संध्याकाळच्या फोनचं काम होतं. सकाळच्या फोनला फक्त शे, नाहीतर नई शे.

हा व्यवहार संगणकात घातला तो कुंदाने. कुंदा मूळची पावत्या फाडायला लागलेली. नवरा आधार एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक, घरी सासू वच्छलाबाई, आणि ऑफिसात दिवसभर पावतीवर शिक्का, पावतीवर शिक्का. भाऊंनी दुसऱ्यांचं पाहून हौसेने संगणक आणला आणि मग त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवला, कारण त्याला हात लावायची कोणाची छाती होत नव्हती. कुंदाने एक दिवस टॉवेल काढला. धूळ झटकायला काढला असं ती सांगायची, पण खरं तर तिला शिक्क्यांचा वीट आला होता.

संगणकात 'व्यापारसखा' नावाचा पुण्याच्या एका कंपनीचा तयार प्रोग्राम होता. त्याची खुबी अशी की रकाने कोणते, तक्ता कसा छापायचा, हे सगळं पडद्यावर नुसतं निवडत जायचं, स्वतः एक ओळ लिहावी लागत नसे. पण पुण्याच्या मंडळींनी तो बनवताना डोळ्यांसमोर ठेवला होता किराणा दुकानदार. साखर पोत्यात पडून राहते, केळी कोणासाठी थांबत नाहीत, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मात्र माणसं शहाणी, त्यांनी प्रोग्रामच्या आत एक कोपरा मोकळा ठेवला होता. त्याला म्हणायचं 'जोडणी'. तिथे आपापल्या धंद्यापुरत्या ओळी आपण लिहायच्या आणि तयार प्रोग्रामला जोडून द्यायच्या.

कुंदाने पुस्तक उलटंपालटं करत, रडत-धडपडत ती जोडणी केली. सकाळी भाऊंनी फोन करायचा, जबाब सांगायचा, कुंदाने तो नावापुढच्या खान्यात भरायचा आणि यंत्राने दोन याद्या छापायच्या. एका यादीत आज ट्रक कुठे न्यायचा ती नावं. दुसऱ्या यादीत आठवडाभर ज्यांना फोन करायचा नाही ती. पहिल्यांदा कागद खरखरत बाहेर आला तेव्हा भाऊंनी तो उजेडाकडे धरून पाहिला, जणू खोटी नोट निघते की काय. मग दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसले.

आणि एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना पुण्याहून कळलं, की 'व्यापारसखा'ची नवी आवृत्ती येतेय आणि तिच्यातला जोडणीचा कोपरा आता कोणालाही उघडता येणार नाही. कंपनीची परीक्षा पास होईल त्यालाच तो उघडायचा परवाना. परीक्षा दिवाळीआधी, धुळ्याला. लेखी थोडी, पण खरी कसोटी प्रात्यक्षिकाची. स्वतःच्या धंद्यासाठी केलेली जोडणी फ्लॉपीवर घेऊन यायची, परीक्षकासमोर चालवून दाखवायची आणि तो विचारेल त्याला उत्तरं द्यायची.

रतिलालभाऊंनी गोष्ट लांबवली नाही. "पास व्हयनी तर मशीन आठेच ऱ्हाई," ते म्हणाले. "नई व्हयनी तर जळगावना ऑफिसले धाडी देसूत, तठला लोके पाहतीन. मंग तू शे आनि तुन्ह्या पावत्या शेत."

भाऊ वाईट माणूस नव्हते. सकाळच्या फोनसारखंच बोलायचे, एवढंच. पण त्या दिवशी कुंदाने कोपऱ्यातला शिक्का आणि शाईची डबी पाहिली. तिला परत तिथे बसायचं नव्हतं. दिवसा कोणाला हे सांगायची सोय नव्हती, म्हणून घरी गेल्यावर तिने आधारला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि तिला परीक्षेच्या क्लासला जाता यावं म्हणून जळगावच्या पहिल्या गाडीत खिडकीची जागा धरून ठेवायचं कबूल केलं. आधारचं प्रेम असं गाडीच्या रूपाने यायचं.

मग दर रविवारी जळगाव. नवी पेठेत एका माडीवर भाईदास सरांचा क्लास होता. सर शिकवायचे जीव तोडून, फक्त इंग्रजीवर त्यांची फार भक्ती. कुंदाची जोडणी पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. तिने ओळी लिहिल्या होत्या त्या सगळ्या घरच्या शब्दांत. इंग्रजी अक्षरांतच, कारण यंत्राला तेवढीच कळत. पण शब्द कोणते? माल आहे तर 'शे', एस-एच-ई. माल नाही तर 'नईशे'. सगळ्यांची एकत्र बेरीज करायची तर 'बठ्ठा', आणि हे शेवटचं लिहिताना इतके एच लागले होते की सरांना तो शब्दच वाटेना.

"अहो ताई, हे परीक्षकाला कसं कळणार? त्यांच्या नियमातच आहे, दुसऱ्या माणसाला वाचता आलं पाहिजे. 'शे' काय, 'बठ्ठा' काय! पुण्याचा माणूस येणार आहे. 'अव्हेलेबल' लिहा, 'नॉट अव्हेलेबल' लिहा."

कुंदाने मान डोलावली आणि ऑफिसात येऊन सगळे शब्द बदलले. बदलले आणि जोडणी जी बसली ती उठेना. कारण अव्हेलेबलचं स्पेलिंग एका ओळीत एक पडायचं, दुसरीत दुसरं. कुठे ए खायचा, कुठे आय राहायचा. यंत्राचा स्वभाव असा की एक अक्षर इकडचं तिकडे झालं की त्याला वाटतं हा कोणी निराळाच पाहुणा आला. आठवडाभर ती त्या एका शब्दाच्या मागे लागली. शेवटी तिने चिडून सगळे शब्द होते तसे करून टाकले. शे. यात चुकायला जागाच नाही. जोडणी लगेच भराभर चालायला लागली. पण सरांचं बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. परीक्षकाला कळलं नाही तर?

घरी अभ्यास व्हायचा वच्छलाबाईंसमोर. त्या शेंगा फोडायच्या आणि कुंदा त्यांना समजावून सांगायची, कारण सरांनी सांगितलं होतं की दुसऱ्याला सांगता आलं म्हणजे आपल्याला आलं. "आता बघा माय, यंत्र पहिल्यांदा जबाब पाहतं. शे असलं तर ट्रकच्या यादीत टाकतं. नाहीतर दुसऱ्या."

"नाहीतर म्हंजे?" वच्छलाबाई विचारायच्या.

"म्हणजे शे नसलं तर."

"नसलं तर नई शे ऱ्हाई ना. मंग तसं सांग ना मन्ही माय, नाहीतर-बाहीतर कसाले?"

कुंदा हसायची आणि पुढच्या ओळीवर जायची. सासूबाई मात्र शेजारपाजारी सांगत सुटल्या होत्या, मन्ही सून डबाशी बोलस आनि डबा तिले जबाब देस.

परीक्षेच्या आधल्या आठवड्यात ऑफिसात एक वांधा झाला. रुपचंदआबा नावाचे म्हातारे बागाइतदार, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची बाग, तावातावाने आत आले. टोपी हातात, तोंड लाल.

"मन्हा माल बागमा पिकी गया, रतिलाल! घडना घड पिव्वया व्हई गयात. माले कोनी इचारंच नई!"

"असं कसं व्हई, आबा?" रतिलालभाऊंनी कागद काढून दाखवला. "हाई पहा, कॉम्पुटरना कागद. रुपचंद, नई शे. छापेल शे."

"मी कव्हय म्हनं नई शे? माले फोनच नई उना!"

भाऊंनी कुंदाकडे पाहिलं. कुंदाला म्हाताऱ्याची कीव आली, पण परीक्षा तोंडावर होती आणि जोडणी तिची होती. "आबा, घरच्या कोणी घेतला असेल फोन," ती म्हणाली. "यंत्र स्वतःच्या मनाने काही लिहीत नाही."

आबा तिच्याकडे नुसते बघत राहिले. मग टोपी डोक्यावर चढवून निघून गेले. ते बघणं कुंदाला आवडलं नाही, पण तिने ते मनातून झटकलं, कारण दुसरं खूप काही डोक्यात होतं.

परीक्षेच्या दिवशी ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. कुंदा अमळनेरमार्गे धुळ्याला पोचली तेव्हा घामाने निथळत होती, फक्त फ्लॉपी तेवढी कोरडी होती, कारण ती तिने रुमालात गुंडाळून, रुमाल डब्यात ठेवून, डबा मांडीवर धरून आणली होती. त्या डब्यात खरं तर वच्छलाबाईंनी भाकरी-ठेचा दिला होता. तो फ्लॉपीला लागू नये म्हणून कुंदाने निघतानाच घरी काढून ठेवला, म्हणजे बाई दिवसभर उपाशी.

आग्रा रोडवरच्या एका क्लासच्या माडीवर परीक्षा होती. जमलेले बहुतेक पुरुष. कोणी औषधांच्या दुकानातला, कोणी पाइपच्या. शेजारी बसला होता शिरपूरच्या एका जिनिंगमधला धनसिंग. तोंडात सुपारी, जिभेला हाड नाही. बसल्या बसल्या त्याने कुंदाला आपली कापसाची जोडणी, आपले मालक आणि मालकांचा मधुमेह एवढं सगळं सांगून टाकलं. कुंदाला त्याचा वैताग आला, पण बडबडीत घाबरायचं राहून गेलं हेही खरंच.

लेखी ठीक गेली. मग एकेकाला आतल्या खोलीत बोलावू लागले. यंत्रं मोजकीच होती, त्यामुळे आत गेलेला बाहेर येईपर्यंत बाकीच्यांनी घाम पुसत बसायचं. कुंदाचं नाव आलं. परीक्षक पुण्याचे, चष्म्याचे, शर्टाची बाही मनगटापर्यंत बटण लावलेली. धुळ्याच्या उकाड्यात ते बटण पाहूनच कुंदाची हिंमत खचली.

त्यांनी फ्लॉपी घातली, याद्या छापून पाहिल्या आणि ठीक म्हणाले. मग ओळी उघडल्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. बोट एका शब्दावर ठेवून त्यांनी विचारलं, "ही 'शी' कोण?"

"कोण, सर?"

"इथे लिहिलंय ना, 'इफ शी'. जर ती. ही तुमची व्यवस्था फक्त महिला शेतकऱ्यांसाठी आहे का?"

कुंदाच्या तोंडचं पाणी पळालं. आपलं काहीतरी राहून गेलं, नक्की. "नाही सर, पुरुष पण आहेत. पुरुषच जास्त आहेत."

"मग ते कुठे आहेत? 'जर तो' असं तर कुठेच दिसत नाही."

"ते... तेसुद्धा घालायचं असतं का, सर?" कुंदा रडवेली झाली. जबाब पुरुषाने दिला की बाईने, याचा हिशेब ठेवायचा असतो हे पुस्तकात कुठे होतं, हे ती आठवायला लागली. परीक्षकही गोंधळले. तिने वाकून त्यांचं बोट कुठे आहे ते नीट पाहिलं, आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. "सर, ते शी नाही हो! ते शे आहे. शे म्हणजे आहे. आमच्याकडे विचारतात, माल शे का?"

परीक्षकांनी चष्मा काढला. हसू त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं, पण त्यांनी ते तिथेच थोपवलं. "बाई, शब्द गमतीचा आहे, पण नियम तुम्हाला ठाऊक आहे. उद्या तुम्ही रजेवर गेलात तर दुसऱ्याला हे वाचता आलं पाहिजे. मला आलं नाही. मी काय करू?"

हेच. हेच भाईदास सर म्हणाले होते. कुंदाला शिक्का दिसला, शाईची डबी दिसली. पण ती आता इतकी घाबरली होती की भीतीच संपली, आणि तोंडून खरं निघालं. "सर, माझ्यानंतर हे वाचणार आमच्या ऑफिसातलंच कोणीतरी. पुण्याचं नाही. त्याला अव्हेलेबल कळणार नाही, शे कळेल."

परीक्षक विचारात पडले. माणूस कडक होता, पण नियमाचा अर्थ लावताना प्रामाणिक होता. त्यांनी दारातून बाहेर डोकावून विचारलं, "इकडची भाषा येणारं कोणी आहे का?" बाहेर बसलेल्या सगळ्यांनाच ती येत होती, पण उठला तो अर्थात धनसिंग.

त्याने पडद्यासमोर बसून वाचायला सुरुवात केली ती गावाकडचं पत्र वाचावं तशी. "हां. मालना जबाब पहा. शे व्हई तर ट्रकमा टाका. वा! बठ्ठा घड मोजा. मंग नईशे..." तो हसत होता, मांडीवर थाप मारत होता, परीक्षकांना अर्थ सांगत होता. कुंदाच्या जिवात जीव येत होता. आणि अचानक तो थांबला. सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली.

"पन बाई," तो म्हणाला, "हाई काय करं तुम्ही? शे नई, तर बठ्ठा नईशेमा टाकी दिधात. आनि ज्याले फोनच नई लागना, त्यानं काय? त्यानं खानं कोरं ऱ्हाई. कोरं म्हंजे शे नई. म्हंजे तुम्हनं मशीन त्याले नई शे धरी लेस! त्याले तर कोनी इचारंच नई!"

कुंदाला रुपचंदआबा दिसले, टोपी हातात घेतलेले. ते येण्याच्या आठवडाभर आधी एका सकाळी पायथ्याकडच्या फोनच्या लाइनी बंद होत्या, भाऊंनी बऱ्याच नावांपुढे काहीच सांगितलं नव्हतं, आणि तिने ते खाने कोरे सोडले होते. सगळा कारभार कागदावर होता तेव्हा भाऊ कोऱ्या नावांना दुपारी परत फोन लावायचे. यंत्राने ती नावं सरळ नई शेच्या यादीत ढकलली, आणि आठवडाभर त्यांना कोणी विचारलं नाही. म्हातारा खरं बोलत होता. यंत्र खरोखरच मनाने काही लिहीत नव्हतं, तिनेच तसं लिहून ठेवलं होतं. वच्छलाबाई विचारत होत्या, नाहीतर म्हंजे? आणि ती हसून पुढच्या ओळीवर जात होती.

परीक्षक कागदावर काहीतरी लिहीत होते. "चूक मोठी आहे," वर न बघता ते म्हणाले. "बाहेर थांबा."

कुंदा बाहेर आली. 'बाहेर थांबा' या दोन शब्दांतला 'बाहेर' तेवढा तिला ऐकू आला होता. तरी निकालापर्यंत ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. ऊन कलल्यावर क्लासचा कारकून दारात आला आणि पास झालेल्यांची नावं वाचू लागला. औषधांवाला पास. पाइपवाला पास. धनसिंग पास, त्याने तिथल्या तिथे उडी मारली. नावं संपली. कुंदाचं नाव नव्हतं.

कारकून दुसरा कागद उलगडत होता, पण तो ऐकायला ती थांबली नाही. नापासात आपलं नाव चार लोकांत ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती. रिकामा डबा काखोटीला मारून ती बस स्टँडवर आली आणि एका बाकावर बसली. तिला खूप वाईट वाटत होतं. शिक्क्याचं वाटत होतं, भाऊंचं वाटत होतं, पण सगळ्यात जास्त रुपचंदआबांचं वाटत होतं. नापास झाले ते बरंच झालं, असंही एकदा वाटून गेलं, आणि त्याने आणखीच रडू आलं.

अमळनेरची गाडी लागली. कुंदाने पदराने तोंड पुसलं, पायरीवर पाय ठेवला आणि मागून कोणीतरी बोंबलत आलं, "ओ केळीवाल्या बाई! ओ बाई!"

धनसिंग होता. धावल्यामुळे त्याला नीट बोलताही येत नव्हतं, आणि त्या माणसाला बोलता न येणं म्हणजे काय हाल असतील! "कोठे चालनात तुम्ही?"

"घरी. नाव नाही ना माझं."

"पासमा नई. पन नापासमा बी नई व्हतं! मी दोन्ही कागद आयकात." त्याने दम घेतला आणि डोळे मोठे केले. "बाई, तुम्हनं खानं कोरं शे. कोरं म्हंजे नई शे थोडंच ऱ्हास? आते तर माडीवर तेच बोलनं चालनं व्हतं ना आपलं! गयात का तुम्ही इचाराले?"

कुंदाचा पाय पायरीवर तसाच राहिला. कंडक्टर ओरडला, "येताय का उतरताय?" आणि कुंदा उतरली. तिला स्वतःचं इतकं हसू आलं की डोळ्यांतलं पाणी तसंच असताना ती हसायला लागली. धंद्यात चूक केली, यंत्रात चूक केली, आणि आता स्वतःच्या बाबतीतही तीच. कोणाला विचारलं नाही, आणि नई शे धरून गाडीत चढली.

ती आणि धनसिंग जवळजवळ पळतच माडीवर आले. परीक्षक बॅग भरत होते. मनगटाचं बटण आता उघडं होतं, म्हणजे परीक्षा संपली होती.

"अहो, कुठे होतात? मी बाहेर थांबा म्हटलं होतं ना?"

"मला वाटलं, बाहेर जा म्हणालात. सर, मी नापास आहे का?"

"ते अजून मी ठरवलेलं नाही," ते म्हणाले. "नियम होता की दुसऱ्याला वाचता आलं पाहिजे. या गृहस्थांनी नुसतं वाचलं नाही, वाचता वाचता चूक काढली. चूक सापडण्याइतकं स्पष्ट लिहिलंय म्हणजे लिहिणं चांगलं आहे, तो भाग मी मान्य केला. राहिली ती चूक. यंत्र मोकळं झालं की तुमच्याकडून दुरुस्त करून घ्यायची, म्हणून नाव राखून ठेवलं, तर तुम्ही गायब. बसा. पण लवकर, माझी गाडी आहे."

कुंदा बसली. आता तिला कसलीच घाई नव्हती, कारण काय करायचं ते तिला नीट माहीत होतं. 'नाहीतर' तिने खोडून काढलं. शे असेल तर ट्रकची यादी. नईशे असेल, स्पष्ट तसं सांगितलं असेल, तर आणि तरच दुसरी यादी. आणि या दोन्हीत नसेल त्याच्यासाठी तिने एक तिसरी यादी केली आणि तिला नाव दिलं 'इचारंनई'. ती सगळ्यांत वर छापायची, दुपारी पहिला फोन त्यांना.

"एखादं नाव घालून दाखवा," परीक्षक म्हणाले.

तिने रुपचंद हे नाव घातलं आणि जबाबाचं खानं कोरं ठेवलं. कागद खरखरत बाहेर आला. सगळ्यांत वर, पहिल्या ओळीत, रुपचंद. कुंदाने ते नाव पाहिलं आणि आठवडाभर छातीवर बसलेलं कोणीतरी उठून गेल्यासारखं तिला मोकळं वाटलं. परीक्षकांनी कागदावर सही केली, आणि आता मात्र त्यांना हसू थोपवता आलं नाही. "पास. परवाना टपालाने येईल. आणि बाई, ते शब्द बदलू नका."

खाली रस्त्यावर एक टेलिफोन बूथ होता. कुंदाने ऑफिसचा नंबर लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. ती फिरवत राहिली, न लागलेला फोन म्हणजे काय ते तिला आज कळलं होतं. शेवटी पलीकडे रतिलालभाऊंचा आवाज आला. संध्याकाळ होती, पण भाऊ सकाळच्याच पद्धतीने बोलले.

"कुंदा का? बोल. शे का नई शे?"

"शे, भाऊ."

मग भाऊंनी ऑफिसात कोणाला तरी इतक्या मोठ्याने "शे!" म्हणून सांगितलं की कुंदाने फोन कानापासून लांब धरला.

"भाऊ, अजून एक. उद्या पहिला फोन रुपचंदआबांना लावा. नाही, लावू नका, मीच जाते त्यांच्या बागेवर. ते खरं बोलत होते. चूक माझी होती, यंत्राची नाही आणि त्यांची तर नाहीच."

"बरं," भाऊ म्हणाले. "मी बी येस तुन्हासंगे. कागद तर मीच दखाडा व्हता त्यास्ले. आनि थांब, तुन्ही सासू दुपारफाईन आठे बठेल शे, तिले दी ऱ्हायनू."

वच्छलाबाई फोनला हात लावत नसत. त्यातून वारं येतं असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे आधी नुसता श्वास आला, मग भांड्यांचा आवाज, मग दोन गावं ऐकतील असा सूर.

"पास शे का वं?"

"शे, माय!"

"मंग जेवनी का? डबा तर तू घरमाच खाली करी गयी. भाकर मी पाह्यी चुल्हाजवय."

कुंदाच्या लक्षात आलं की सकाळपासून आपल्या पोटात चहाखेरीज काही गेलेलं नाही, आणि हे दिवसभरात कोणी विचारलंही नव्हतं, तिने स्वतःही नाही. "नई जेवनू, माय," ती म्हणाली आणि इतक्या वेळ हसत होती ती आता हमसून रडायला लागली. बूथवाला घाबरला. धनसिंगने त्याला खुणेने सांगितलं की काळजीचं काही नाही, पास झाल्या आहेत.

"मंग पयले खाई ले," वच्छलाबाई ओरडल्या. "गाडीनं आधार पाही लेई."

कुंदाने फोन ठेवला. समोरच्या हॉटेलात गरम भजी निघत होती, आणि ती धनसिंगला म्हणाली, चला, दोन प्लेट सांगा.